पायांच्या डॉक्टरीणबाई

बदलापूरची ती जागा मला माझ्या तळपायांमुळे मिळाली. नोकरी कुठे, लग्न झालंय का, घरी माणसं किती, असल्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे घोकून मी गेलो होतो. पण दार उघडणाऱ्या बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांची नजर माझ्या चपलांवर होती.

"काढा."

मी चपला काढून आत पाऊल टाकणार तोच त्या म्हणाल्या, "आत यायला नाही सांगितलं. त्या स्टुलावर बसा आणि तळवे दाखवा."

मी मुकाट दाखवले. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मला स्टोअरकीपरची नोकरी लागली होती. भाड्याच्या जागा बघून बघून मी मेटाकुटीला आलो होतो, आणि त्या अवस्थेत माणूस काय वाटेल ते दाखवतो. बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, माझी टाच अंगठ्याने दाबली आणि निकाल दिला, "भार सगळा डाव्या पायावर टाकता. उजवा गुडघा कधीतरी दुखावलाय आणि घरी सांगितलेलं नाही. ठीक आहे, सामान रविवारी आणा."

गुडघा कॉलेजात कबड्डी खेळताना दुखावला होता आणि खरोखरच मी ते घरी लपवले होते. माझ्या आईला जे कळले नाही ते या बाईने उंबरठ्यावर ओळखले. त्या दिवसापासून मी त्यांना जरा टरकूनच राहिलो.

त्या जनावरांच्या डॉक्टर, सगळ्यांच्या मॅडम. सरकारी दवाखान्यांतून नोकरी करून निवृत्त झालेल्या. गावोगावी गाई-म्हशी, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांना त्यांनी इंजेक्शने टोचली, पण जीव जडला तो खुरांवर. त्यातही मेंढीच्या खुरांवर. आणि मेंढी जेवढी म्हातारी तेवढा त्यांचा उत्साह जास्त. हॉलमधल्या शोकेसमध्ये बुद्धाची सुंदर मूर्ती होती, आणि तिच्या शेजारच्याच कप्प्यात, काचेच्या पेटीत, तारेने जोडलेली मेंढीच्या पायाची हाडे. नवा पाहुणा "हे काय?" असे विचारायचा आणि मग त्याचा चहा गार व्हायचा. मेंढी दोन बोटांवर उभी असते, त्या दोन बोटांच्या मधली जागा म्हणजे तिचा प्राण, तिथे ओल राहिली की संपलं, असे सुरू झाले की पाहुण्याची गाडी चुकल्याशिवाय व्याख्यान थांबत नसे.

माणसांची नावे त्यांच्या लक्षात राहत नसत. सोसायटीचे चेअरमन त्यांच्या लेखी "सपाट तळव्यांचे", समोरच्या वहिनी "बोटं आखडणाऱ्या" आणि दूधवाला "टाच घासणारा". एकदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून तासभर रणकंदन चालले होते. मॅडम मध्येच उठल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या वॉचमनचे बूट फाटलेत. पावसाळाभर त्याच्या बोटांत चिखल्या होत्या. कुणी बघितल्या?" कुणीच बघितल्या नव्हत्या. चेअरमन म्हणाले, "मॅडम, हा विषय अजेंड्यावर नाही." मॅडम म्हणाल्या, "तुमचा स्वतःचा डावा अंगठाही अजेंड्यावर नाही, पण तो दुखतोय. मघापासून तीनदा बुटातून पाय काढलात." वॉचमनला नवे बूट आले. टाकीचा प्रश्न अजून तसाच आहे.

नोकरीच्या सुरुवातीची एक गोष्ट त्या फार रंगवून सांगत. नवी पोरगी, खांद्याला बॅग, कुठल्याशा खेड्यात बैल बघायला गेली. गोठ्याच्या दारात म्हाताऱ्या मालकाने अडवले आणि आडनाव विचारले. तेव्हा आडनाव कशासाठी विचारतात ते विचारणाऱ्यालाही ठाऊक असायचे आणि सांगणाऱ्यालाही. मॅडमनी आडनाव खणखणीत आवाजात सांगितले आणि वर म्हणाल्या, "आता बैलाला विचारा, त्याची काही हरकत आहे का." बैल तीन पायांवर उभा होता. म्हातारा बाजूला झाला. बैल बरा झाल्यावर त्याच म्हाताऱ्याने त्यांना ओसरीवर पाट मांडून जेवायला वाढले आणि त्यांनी मुद्दाम तीन वेळा भात मागून घेतला. हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही फुले की मलाही भूक लागे.

त्यांच्यापुढे एक वाक्य उच्चारायची सोय नव्हती. "आता वय झालं." कुणी म्हातारी शेळी आणली, म्हातारे कुत्रे आणले आणि हे तीन शब्द तोंडातून निघाले की मॅडम हातातले काम सोडून कंबरेवर हात ठेवत. "वय हा रोग नाही. रोगाचं नाव सांगा. नाव येत नसेल तर गप्प बसा, मी शोधते." त्या स्वतः निवृत्त झाल्यापासून दहाजणांनी त्यांना "आता आराम करा" असे सांगितले होते. त्यातल्या एकालाही त्यांनी पुन्हा घरात घेतले नव्हते.

तर अशा बाईपुढे मी एका रविवारी सकाळी चहा पिता पिता सहज बोलून गेलो, "काल येताना पालेगावात धनगरांच्या मेंढ्या बघितल्या. काही म्हाताऱ्या लंगडत होत्या बिचाऱ्या."

मॅडमनी कप खाली ठेवला. "कुठल्या पायाने?"

"ते काही बघितलं नाही."

"मग बघितलंस काय?"

 पाचव्या मिनिटाला आम्ही रिक्षात होतो आणि त्यांची बॅग माझ्या मांडीवर होती.

पालेगावात आता शेते थोडी आणि टॉवर जास्त. त्या टॉवरांच्या मधोमध एका आगरी तात्यांचा शेवटचा तुकडा उरला होता. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर कळप घेऊन खाली उतरतात आणि तात्यांच्या वडिलांपासून त्यांच्या शेतात मेंढ्या बसतात. मेंढ्या रात्री शेतात बसवायच्या, लेंडी-मुताने जमीन सुधारते, बदल्यात मालकाने धनगरांना तांदूळ द्यायचा. रोज संध्याकाळी वाघर, म्हणजे कळपाभोवतीची जाळी, थोडी पुढे सरकवायची. शेताचा कोपरा न् कोपरा बसून झाला पाहिजे, असा रिवाज.

आम्ही पोचलो तेव्हा शेतात भांडण चालले होते. धनगराचे नाव बिरा, त्याच्या बायकोचे ठकूबाई. एका कडेला दहा-बारा म्हाताऱ्या मेंढ्या बसून होत्या. दोन-तीन पुढच्या गुडघ्यांवर रांगत चरत होत्या. ठकूबाई त्यांच्यासमोर हात पसरून उभी होती, जणू कुणी आत्ताच त्यांना उचलून नेणार होते.

आणि तसेच होते. मिरग तोंडावर आला होता. कोकणातल्या पावसात घाटावरची मेंढी तगत नाही, त्यामुळे पाऊस पडायच्या आत कळप बदलापूर, मुरबाड करत माळशेज चढून वर गेला पाहिजे. ज्या चालू शकणार नाहीत त्या कल्याणच्या टेम्पोवाल्या खाटकाला द्यायच्या, असे बिराने ठरवून टाकले होते. आणि नेमक्या त्याच मेंढ्या ठकूबाईच्या होत्या. लग्नात बापाने तिला मेंढ्या आंदण दिल्या होत्या. या त्यांच्या लेकी-नाती. त्यातल्या एकीची आई व्यातानाच मेली, तिला ठकूबाईने बाटलीने दूध पाजून वाढवले होते. तिचे नाव नुसते म्हातारी. तिच्या गळ्यात घंटा होती. ती उठली की कळप उठायचा, ती चालली की चालायचा. आता तीच उठत नव्हती.

"मला काय हौस हाय का?" बिरा मॅडमना म्हणाला. "घाटात मधीच बसली तर खांद्यावर कितींना घिऊ? वय झालंया त्यांचं, बाई."

झाले. मॅडमचे हात कंबरेवर गेले. त्याला त्या काय काय बोलल्या ते सगळे इथे लिहीत नाही, पण तो दोन पावले मागे सरला एवढे खरे.

मग त्या म्हातारीजवळ मांडी घालून बसल्या. मेंढीचे खूर बघायचे तर तिला उलटी करून ढुंगणावर बसवतात. बिरा तसे करायला धावला, तशी मॅडमनी त्याचा हात झटकला. "तुझ्या आजीला असं उलटं बसवशील? तिच्या कमरेचं काय होईल?" त्यांनी म्हातारीला माझ्या पायांना टेकवून उभे केले आणि एकेक पाय अलगद उचलला. चिखल धुतला, दोन बोटे फाकवली, आणि पाय नाकाशी नेऊन डोळे मिटून वास घेतला. मी नाक दाबून मान वळवली. मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र समाधान पसरले. शोधत होत्या तो रोग सापडला होता.

"खूरसड आहे. म्हातारपण नाही. या मेंढ्या ओल्यात कुठे उभ्या होत्या?"

 बांधावर उभे असलेले तात्या खाकरले. "ता खालचा कोपरा हाय ना, थय ती बिल्डिंगवाली स्लॅबवर पानी मारतान. ता सगला पानी माझे शेतान येतं."

"आणि तिथेही मेंढ्या बसवल्या?"

ठकूबाई म्हणाली, "मग? मालकानं भात दिला, त्याचा कोपरा कसा सोडायचा? बेइमानी न्हाय का व्हनार?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. "म्हणजे इमानदारीने पाय कुजवलेत." तरण्या मेंढ्या उड्या मारून कोरड्यात जात होत्या. म्हाताऱ्या सिमेंटच्या त्या राडीत रात्र रात्र बसून राहिल्या होत्या. त्यात बिराने त्याच्या पद्धतीने उपचारही केले होते. रक्त येईपर्यंत खूर तासायचे, रक्त आले म्हणजे घाण गेली. मॅडमनी त्याच्याकडून चाकू मागून घेतला, पदराला पुसला आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकला. "खुराच्या आत जिवंत मांस असतं रे बाबा. आधी सड बरी होऊ दे. वाढलेलं टोक मग मी कापेन, तेही थोडं थोडं. तुझा टेम्पो कधी येणार?"

"निघायच्या दिशी."

"येऊ दे. रिकामा परत जाईल."

मला तेव्हा वाटले, बाई भलतेच बोलून बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून मी कारखान्यात तब्येत बिघडल्याचे कळवून पालेगावात हजर. खताच्या दुकानातून झिंक सल्फेट आणले, शेतकरी भातखाचरात टाकतात तेच. त्याच्या पाण्यात मेंढ्यांना उभे करायचे होते. मी मोठ्या ऐटीत आमच्या कारखान्यातला रिकामा पिंप कापून आणायची तयारी दाखवली. मॅडम म्हणाल्या, "त्यात आधी काय होतं?" मी रसायनाचे नाव सांगितले. "मग मेंढ्यांना पायच उरणार नाहीत." शेवटी तात्यांनी लांबट खड्डा खणला आणि मी रस्त्यावरून मुदत संपलेला एक फ्लेक्स उतरवून आणला. कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस होता. तो खड्ड्यात अंथरला, पाणी ओतले, आणि भावी नगरसेवकांच्या हसऱ्या चेहऱ्यावर म्हाताऱ्या मेंढ्या ओळीने उभ्या राहिल्या. साहेबांचा एक कार्यकर्ता बाइक थांबवून तावातावाने आला. मॅडमनी त्याच्या हातात एक मेंढी दिली आणि सांगितले, "घट्ट धर, हलू देऊ नको." तो बिचारा तिची पाण्यातली वेळ संपेपर्यंत धरून बसला. पुढे दोन वेळा स्वतःहून आला.

आधी पाय धुवायचे, मग पाण्यात उभे करायचे, मग तात्यांच्या अंगणातल्या कोरड्या फरशीवर वाळू द्यायचे. तिसऱ्या पायरीत कुणी घाई केली की मॅडम खेकसत. सगळ्यांत जास्त सडलेल्यांना इंजेक्शन. ओला कोपरा काटे लावून बंद. तात्यांनी स्वतः काटे आणले आणि म्हणाले, "गेला तो कोपरा खड्ड्यान. मेंढी वाचली पायजे." ज्या माणसाने बिल्डरला वीतभर जमीनही जास्त दिली नव्हती, त्याच्या तोंडून हे ऐकून मला त्यांच्या पाया पडावेसे वाटले.

हळूहळू सडका वास कमी झाला. रांगणाऱ्या मेंढ्या उभ्या राहिल्या. मॅडमनी वाढलेले खूर कातरले, लिंबाची साल काढावी इतके पातळ. पण म्हातारीचे तळवे बिराच्या चाकूने इतके सोलले होते की मऊ मातीवर ती चाले आणि डांबरावर पाय ठेवताच बसे. मिरग तर थांबणार नव्हता.

"हिला बूट पाहिजेत," मॅडम म्हणाल्या, आणि आम्ही उल्हासनगरला गेलो.

तिथे जीन्स शिवणारे एक सिंधी शेठ होते. त्यांच्या कुत्र्याचा पंजा मॅडमनी वाचवला होता, त्यामुळे त्यांच्यासाठी मॅडम म्हणजे देवाच्या खालोखाल. "मॅडम, आपने बोला, हो गया समझो. मगर साईज?" मॅडमनी पर्समधून पेपरवर काढलेले खुरांचे ठसे टेबलावर पसरले. शेठनी चष्मा लावला, कटिंग मास्तरला हाक मारली आणि दोघेही गंभीर चेहऱ्याने वाकले. "साईं, आगे का चौडा है, पीछे का छोटा. चार पीस का सेट बनेगा," मास्तर म्हणाला. खाली रेग्झिनचे दोन थर, वर डेनिम, बांधायला नाडी. सवयीने मास्तरने प्रत्येक बुटाला तांब्याचे रिव्हेट ठोकले आणि मागे कंपनीची चामडी पट्टीही शिवून टाकली. मॅडमनी फक्त एक अट घातली, की आत हवा खेळली पाहिजे. शेठनी पैशाला हात लावला नाही. "पहली बार एक्स्पोर्ट क्वालिटी का काम किया है," ते छातीवर हात ठेवून म्हणाले.

निघायच्या दिवशी सकाळी अर्धे पालेगाव शेताच्या बांधावर जमले होते. टॉवरच्या गॅलऱ्यांतून माणसे वाकली होती. आणि रस्त्याच्या कडेला कल्याणचा टेम्पो फाळका उघडून उभा होता. बिरा म्हणाला, "बाई, शब्दाला शब्द. उठून रस्त्याला लागली तर माझी. न्हाय तर त्येची." ठकूबाईने ओठ घट्ट मिटले होते. तिने रात्रभर डोळ्याला डोळा लावला नसावा.

मॅडमनी म्हातारीला बूट चढवले, नाड्या बांधल्या आणि सगळ्यांना बजावले, "कुणी उचलायचं नाही. कुणी ढकलायचं नाही."

म्हातारी उठली. पहिले पाऊल तिने असे उंच उचलले की पोरे खिदळली. दुसरे टाकले आणि पायाकडे बघत ती मटकन बसली. टेम्पोवाल्याने विडी विझवली. बिराने मान खाली घातली. मी मॅडमकडे पाहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

ठकूबाई डांबराच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि तिने हाक घातली. शब्द नव्हते त्यात, नुसता घशातला आवाज, ज्या आवाजाने तिने कधीकाळी बाटली पुढे केली असेल. म्हातारीचे कान हलले. ती पुढून उठली, मग मागून उठली. घंटा वाजली. एक पाऊल, दुसरे पाऊल, आणि निळ्या बुटांतले चार पाय डांबरावर आले. ती थांबली. खाली बघितले. आणि चालू लागली. मागून बाकीच्या म्हाताऱ्या, त्यांच्यामागून सगळा कळप, धुळीचा लोट उठवत टेम्पोच्या शेजारून निघाला. टेम्पोवाला दार धरून बघत राहिला आणि मग त्याने स्वतःच फाळका लावून घेतला. "चल रे," तो क्लीनरला म्हणाला, "आपलं इथं काम नाय." गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. तात्या डोळे पुसत होते आणि धूळ गेली म्हणत होते. मीही खिशात रुमाल शोधत होतो.

मॅडमनी बिराला बजावले, "बूट फक्त डांबरावर. मुक्कामाला काढायचे, पाय कोरडे करायचे, वास घ्यायचा." बिराने मान डोलावली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावायला गेला. त्या मागे सरकल्या. "माझे नको. तिचे बघ."

पण खरा घाट पुढेच होता. त्यानंतरचे दिवस मॅडमनी कसे काढले ते मीच जाणे. आकाशात ढग दिसला की त्या गॅलरीत जाऊन त्याच्यावर डोळे वटारत. जेवताना मध्येच "आता टोकावड्याला असतील" असे म्हणत. धनगरांचा फोन लागत नव्हता. एकदा मी धीर देण्यासाठी म्हणालो, "मॅडम, नाही चढली एखादी, तरी तुम्ही तुमचं काम केलंत." त्यांनी माझ्याकडे असे बघितले की मी ताट उचलून माझ्या खोलीत गेलो.

फोन आला तेव्हा बाहेर पावसाची हवा धरली होती. मॅडमनी स्पीकर लावला. वाऱ्याचा घोंगावणारा आवाज, त्यात घंटा, आणि मग ठकूबाई ओरडली, "डॉक्टरीणबाई! घाट चढलो!"

"मागे किती राहिल्या?" मॅडमनी एका दमात विचारले. 

"येक बी न्हाय!"

"आणि म्हातारी?"

पलीकडे ठकूबाई हसत होती की रडत होती ते वाऱ्यात कळेना. "म्हातारी फुडं गेलीया, बाई! गवात बघून पळाया लागली. कळप मागं पडतोया. ह्ये तिला आडवाया गेल्यात."

मॅडम खुर्चीतून उभ्या राहिल्या आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशा आवाजात फोनमध्ये ओरडल्या, "अडवू नका! जाऊ द्या तिला!"